झाडूवाले बाबा आणि मौनी मेहेरबाबा

यवतमाळ : यवतमाळहून दारव्हा, कारंजा अशी वळणे घेत मूर्तिजापूरला पोहोचणारी 'शकुंतला' आता धावत नाही. कापसासाठी इंग्रजी कंपनीने टाकलेला हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग वऱ्हाडातल्या जुन्या पिढीच्या आठवणींत मात्र पक्का रुतून बसला आहे. मूर्तिजापूरहून याच मार्गाची दुसरी शाखा अंजनगाव सुर्जीमार्गे अचलपूरकडे जाते. विसाव्या शतकातील एका विलक्षण पुरुषाचे आयुष्य या दोन शाखांच्या आसपासच घडले. जन्म अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे, बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुरी गावी आणि कार्याचे एक मोठे ठाणे खुद्द मूर्तिजापुरात. हे पुरुष म्हणजे संत गाडगेबाबा.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या पदवीपत्रावर आज त्यांचे नाव छापलेले असते. अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्याआधी, २०००-०१ पासून, राज्य शासनाचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने सुरू झाले होते. पदवीपत्र, अभियानाचा फलक, चौकातला पुतळा आणि २० डिसेंबरचा पुण्यतिथी सोहळा अशा चार ठिकाणी गाडगेबाबा आपल्याला नियमित भेटतात. या चारही ठिकाणचे बाबा समाजसुधारक असतात. त्यांच्या हातात झाडू असतो, डोक्यावर खापर असते आणि तोंडी स्वच्छतेचा संदेश असतो. त्यांच्या अंतरंगातील अध्यात्माविषयी सहसा कोणी बोलत नाही. बोलायचे ठरवले तरी अडचण येतेच, कारण बाबांनी स्वतःच त्या दाराला कुलूप लावून ठेवले होते. आपल्याला साक्षात्कार झाला असे त्यांनी कधी सांगितले नाही, कोणाला मंत्र दिला नाही की शिष्य केले नाही. पाया पडायला कोणी वाकला तर त्याच्या पाठीत काठी बसण्याची शक्यताच अधिक असे.

त्यांच्या हयातीतच एका समकालीन अध्यात्मपुरुषाने मात्र या कुलूपबंद दाराआड काय आहे, याविषयी स्पष्ट मत दिले होते. ते मत अहमदनगरजवळ आश्रम करून राहिलेल्या मेहेरबाबांचे. गाडगेबाबांच्या वऱ्हाडातच ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

आधी गाडगेबाबांचे आयुष्य थोडक्यात पाहू. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडील झिंगराजी, आई सखुबाई, आडनाव जानोरकर. वडिलांना दारूने संपवले. आई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुरीला आली. मामाच्या घरी गुरे राखणे, नांगर धरणे, औत हाकणे यातच मुलगा वाढला. शाळेची पायरी त्याने चढली नाही. सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली, तेव्हा ताबा घेण्यास आलेल्या माणसांपुढे हा तरुण शेतात उभा ठाकला. अक्षरओळख नसल्यामुळे माणूस कसा नागवला जातो, हे त्याने पोथीत वाचले नव्हते. ते त्याच्या घरातच घडले होते. पुढे कर्ज काढून सण साजरे करू नका आणि मुलांना शाळेत घाला, या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यभर कीर्तनातून सांगितल्या, त्यांचे मूळ दापुरीच्या त्या शेतात आहे.

मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू द्यावी लागत असे. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. आज ही गोष्ट किरकोळ वाटते. त्या काळी जातपंचायतीचा रोष ओढवून घेण्याइतकी ती मोठी होती.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजीने घर सोडले. घरी आई होती, पत्नी कुंताबाई होती, लेकरे होती. (त्याच वर्षी इंग्रज सरकारने वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना केली आणि वणी जिल्ह्याचे यवतमाळ जिल्हा असे नामकरण झाले. दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही; पण काळ डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून सांगितले.) पुढची बारा वर्षे भटकंतीत गेली. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर किंवा हातात फुटक्या मडक्याचे खापर. त्यातच जेवायचे, त्यातच पाणी प्यायचे. त्या गाडग्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, मग भाकरी मागायची, आणि रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन करायचे, असा क्रम ठरून गेला.

या बारा वर्षांत त्यांच्या मनात काय घडले, हे सांगणारा एकही कागद नाही. इतर संतांच्या चरित्रांत साधनेचा काळ, गुरुभेट, साक्षात्काराची रात्र अशी प्रकरणे असतात. गाडगेबाबांच्या चरित्रात त्या ठिकाणी केवळ चालणे आणि झाडणे आहे.

त्यानंतरचा पसारा मात्र विटा-चुन्याचा असल्यामुळे सर्वांना दिसतो. ऋणमोचन येथे पूर्णेवर घाट झाला. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा झाला. पंढरपुरातील चोखामेळा धर्मशाळेचे महत्त्व वेगळे आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत पाय ठेवता येत नसे, तेव्हा त्यांच्यासाठी ही वास्तू बांधली गेली. पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. लाखो रुपये जमवून वास्तू उभारणाऱ्या या माणसाने एकाही इमारतीत आपल्या कुटुंबाला आसरा दिला नाही. कुंताबाईंच्या वाट्याला आलेले कष्ट चरित्रकारांनी फार थोडक्या ओळींत आटोपले आहेत, हेही येथे नोंदवले पाहिजे. १९२३ मध्ये एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. ती बातमी आली तेव्हा बाबा दूर कोकणात होते. त्यांनी कीर्तन थांबवले नाही, असे सांगतात.

त्यांची शिकवण्याची रीत आता पाहू. कारण मेहेरबाबांच्या मताशी तिचा थेट संबंध आहे. गाडगेबाबांचे कीर्तन परंपरेतल्या पूर्वरंग-उत्तररंगाच्या साच्यात बसणारे नव्हते. गोपालाचा गजर होई आणि मग प्रश्नांना सुरुवात होई. समोरच्या खेडुताला ते साधे प्रश्न विचारत. देव कुठे राहतो, त्याला आंघोळ कोण घालते, त्याच्या नैवेद्यावर कुत्रे तोंड घालू लागले तर त्याला कोण हाकलते, अशी ती प्रश्नमालिका असे. खेडूत उत्तर देई आणि प्रत्येक उत्तरागणिक आपल्याच अंधश्रद्धेच्या बाहेर एक पाऊल टाकी. भाषा अस्सल वऱ्हाडी, तीही बोलीतल्या सगळ्या खाचाखोचांसह. समुदायातून हसू उसळे आणि त्या हसण्यातच बोकड कापणे, दारू पिणे, हुंडा घेणे, शिवाशीव पाळणे यांची लाज वाटू लागे. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी अशा रीतीची तुलना ग्रीसच्या सॉक्रेटिसाशी करतात. बाबांना सॉक्रेटिस ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

मेहेरबाबांची वाट जवळजवळ उलट दिशेने गेलेली दिसते. त्यांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यातील झरतुष्ट्री कुटुंबात. म्हणजे ते गाडगेबाबांहून अठरा वर्षांनी लहान. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. पुण्यात कडुनिंबाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान या वृद्ध अवलियेची गाठ पडली आणि तरुण मेरवानचे आयुष्य पालटले. त्यानंतर साकोरीच्या उपासनी महाराजांच्या सहवासात त्यांची घडण झाली. बाबाजान, उपासनी महाराज, शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज आणि नागपूरचे ताजुद्दीन बाबा हे त्या काळचे पाच सद्गुरू होते, असे मेहेरबाबा मानत. वैदर्भीय वाचकांना यातले पाचवे नाव घरचेच वाटेल.

१० जुलै १९२५ पासून मेहेरबाबांनी मौन धरले आणि ते १९६९ मध्ये देह ठेवेपर्यंत सोडले नाही. प्रारंभीची अनेक वर्षे ते अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलत. त्यांच्या प्रवचनांचे संपादन नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक चक्रधर धरणीधर देशमुख यांनी केले. (अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ते हे नव्हेत.) १९५४ च्या आरंभी मेहेरबाबांनी आपण अवतार असल्याचे उघडपणे जाहीर केले. त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्यांनी अक्षरांची पाटीही दूर ठेवली आणि केवळ हातांच्या खुणांनी ते संवाद साधू लागले.

एकीकडे आपण कोणीच नाही असे सांगत फिरणारा निरक्षर परीट आणि दुसरीकडे आपण अवतार आहोत असे सांगणारा, डेक्कन कॉलेजात शिकलेला, न बोलणारा इराणी. या दोघांत एकमेकांविषयी आदर असेल, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तो होता, आणि तो दोन्ही बाजूंनी होता.

मेहेरबाबांनी गाडगेबाबांना सहाव्या भूमिकेवरील संत मानले. या मताचे वजन समजण्यासाठी त्यांची मांडणी थोडी पाहावी लागेल. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'गॉड स्पीक्स' या इंग्रजी ग्रंथात ती सविस्तर आली आहे. जीवाच्या परतीच्या प्रवासात सात भूमिका आहेत, असे ते सांगतात. पहिल्या तीन भूमिका सूक्ष्म जगतातल्या. चौथीवर सिद्धी हाती येतात आणि त्यांचा गैरवापर झाला तर साधकाचे पतन होते. पाचवी आणि सहावी भूमिका मनोमय जगतातली असून तिथून पतनाचे भय उरत नाही. सहाव्या भूमिकेवरचा संत ईश्वराला सर्वत्र आणि प्रत्यक्ष पाहतो. मात्र पाहणारा आणि ज्याला पाहायचे तो, असे द्वैत अजून शिल्लक असते. सातव्या भूमिकेवर ते संपते. सहाव्या भूमिकेवरील अशा पुरुषाला ते हिंदू परिभाषेत सत्पुरुष आणि सूफी परिभाषेत पीर म्हणत.

या हिशेबाने गाडगेबाबांचे स्थान फार उंच ठरते. कोट्यवधी माणसांत अशी थोडीच माणसे असतात, असे मेहेरबाबांचे म्हणणे. तरीही ते शिखराच्या एक पायरी खालचे आहे. वऱ्हाडी माणसाला ही एक पायरीची उणीव सहजी पचणार नाही, आणि अशा पायऱ्या मोजणारा कोण, असा प्रश्न तो विचारणारच. प्रश्न रास्त आहे. भूमिकांची ही मोजणी ज्या अधिकाराने केली जाते, तो मान्य केला तरच मोजणीला अर्थ उरतो. पण श्रद्धेचा भाग बाजूला ठेवूनही या मतात एक लक्षणीय गोष्ट आहे. गाडगेबाबांच्या झाडूकडे समाजाने सेवा म्हणून पाहिले, सरकारने स्वच्छता म्हणून पाहिले, सुधारकांनी प्रबोधन म्हणून पाहिले. मेहेरबाबांनी त्याच झाडूमागे ईश्वर सर्वत्र दिसू लागलेल्या माणसाची अवस्था पाहिली. ज्याला घाणीत, महारोग्यात आणि उपाशी वारकऱ्यात तोच एक दिसतो, त्याने झाडायला घेतले तर त्यात नवल ते काय? असा अर्थ या मतातून निघतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

झाडूविषयी मेहेरबाबांना परकेपणा वाटण्याचे कारणही नव्हते. त्यांचे गुरू उपासनी महाराज खरगपूर येथे काही काळ सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन राहिले होते आणि तिथली कामे स्वतः करत होते. मेहेरबाबांनी अरणगावजवळच्या मेहेराबादेत १९२५ मध्ये बाबाजानच्या नावाने शाळा काढली. तीत सर्व जातींची मुले एकत्र शिकत. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांना ते स्वतःच्या हाताने आंघोळ घालत. पुढे देशभर फिरून त्यांनी महारोग्यांचे आणि दरिद्री माणसांचे पाय धुतले. हे सारे गाडगेबाबांच्या कामाशी मिळतेजुळते आहे. फरक पडतो तो हेतूच्या सांगण्यात. गाडगेबाबा झाडत, कारण गाव घाण होते. याहून वेगळे कारण त्यांनी दिले नाही. मेहेरबाबांच्या प्रत्येक बाह्य कृतीमागे काही आंतरिक कार्य चालू आहे, असे ते आणि त्यांचे भक्त मानत.

चमत्कारांबाबत दोघांचे चांगलेच जुळत होते. चमत्काराला अध्यात्मात मोल नाही, ही मेहेरबाबांची ठाम भूमिका. गाडगेबाबा तर अंगारे-धुपारे, नवस आणि अंगात येणे यांची कीर्तनात यथेच्छ टर उडवत. कर्मकांड आणि पुरोहितांची मध्यस्थी या दोहोंना अमान्य होती. मात्र शिकवण्याच्या रीतीत जमीन-अस्मानाचे अंतर होते. आपण शिकवायला नव्हे, जागे करायला आलो आहोत, अशी मेहेरबाबांची धारणा होती आणि त्यासाठी शब्द पुरेसे झाले, असे त्यांचे मत होते. गाडगेबाबांचा शब्दांवर पूर्ण विश्वास होता, फक्त ते शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलीतले हवेत. मौनाने सावकाराचे कर्ज फिटत नाही, हे त्यांना मामाच्या शेतात कळले होते.

दोघांच्या या संबंधातील सर्वांत मोठी घटना १९५४ मध्ये घडली. सप्टेंबरमध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे मेहेरबाबांच्या दर्शनाचा मोठा मेळावा झाला. त्या वेळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गाडगेबाबा तिथे आले. त्यांनी मेहेरबाबांना पंढरपूरला येण्याचे निमंत्रण दिले आणि ते स्वीकारले गेले. ६ नोव्हेंबर १९५४ रोजी, कार्तिकी यात्रेच्या दिवसांत, मेहेरबाबा आपल्या मंडळींसह पंढरपुरात दाखल झाले.

पंढरपूरच्या यात्रेत गाडगेबाबा कसे वागत, हे लक्षात घेतले म्हणजे या निमंत्रणाचे आश्चर्य वाटू लागते. लाखो वारकरी विठ्ठलाच्या दर्शनासाठी रांगेत उभे असत, तेव्हा बाबा मंदिराकडे फिरकत नसत. ते चंद्रभागेच्या वाळवंटात यात्रेकरूंनी केलेली घाण साफ करत. रात्री त्याच वाळवंटात त्यांचे कीर्तन रंगे. मंदिराचे दार अस्पृश्यांना साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणानंतर उघडले. बाबांचे वाळवंट पहिल्यापासून सर्वांना मोकळे होते. जो माणूस विठोबाच्या पायांवर डोके ठेवायला जात नव्हता आणि स्वतःच्या पायांना कोणाला हात लावू देत नव्हता, त्याने आपल्या हजारो श्रोत्यांना एका मौनी पुरुषाच्या दर्शनाला आणले. तोही जन्माने हिंदू नव्हता.

कोणी म्हणेल, यात गाडगेबाबांच्या शिकवणीला छेद जातो. जिवंत माणसाला देव मानण्याची सवय महाराष्ट्राला पुरेशी आहे. तिला बाबांनीच खतपाणी का घालावे? हा आक्षेप सहज झटकून टाकता येत नाही. दुसऱ्या बाजूने असेही दिसते की, त्या कार्तिकीला वारकऱ्यांच्या गर्दीत एका इराणी घराण्यातील पुरुषाला मानाने बसवणे, ही जातिधर्माच्या भिंतींवर घातलेली आणखी एक कुदळ होती. बाबांच्या मनात यातले नेमके काय होते, ते त्यांच्याबरोबर गेले. एवढे मात्र खरे की, स्वतःला कोणी मोठे म्हटलेले त्यांना खपत नसे. दुसऱ्याला मोठे म्हणताना त्यांचा हात कधी आखडला नाही.

पंढरपुरातल्या त्या भेटीचे चित्र मनापुढे आणून पाहावे. एका बाजूला तासन्‌तास बोलून समुदायाला हसवणारा आणि रडवणारा वृद्ध. दुसऱ्या बाजूला साठ वर्षांचा, पाढऱ्या सदऱ्यातला पुरुष, ज्याने महिन्याभरापूर्वीच अक्षरांची पाटीही सोडली होती. त्याच्या खुणांचा अर्थ सांगायला सोबत माणूस लागत होता. अवघ्या वऱ्हाडात ज्याच्या शब्दाला तोड नव्हती, त्याने एका दिवसासाठी आपले व्यासपीठ शब्द टाकून दिलेल्या माणसापुढे ठेवले.

येथे पुराव्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या संबंधाची माहिती प्रामुख्याने मेहेरबाबांच्या बाजूने आली आहे. त्यांच्या भोवतीची मंडळी शिकलेली होती, रोजनिशी ठेवणारी होती. त्या नोंदींच्या आधारे भाऊ कलचुरी यांनी 'लॉर्ड मेहेर' हे बहुखंडी चरित्र सिद्ध केले. गाडगेबाबांच्या बाजूला अशी लेखणी नव्हती. प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले त्यांचे प्रसिद्ध चरित्र १९५२ चे. पंढरपूरची भेट त्यानंतर दोन वर्षांनी झाली. शिवाय प्रबोधनकारांना बाबांमधील बंडखोर सुधारक दाखवायचा होता. भूमिका आणि अवतार यांत त्यांना रस असण्याचे कारण नव्हते. पुढच्या चरित्रकारांनीही बहुधा तीच वाट धरली. परिणामी मेहेरभक्तांच्या ग्रंथांत सहाव्या भूमिकेचे गाडगे महाराज आहेत, मराठी पाठ्यपुस्तकांत झाडूवाले गाडगेबाबा आहेत, आणि या दोघांची एकमेकांशी ओळख करून देण्याचे काम राहून गेले आहे.

याच काळात बाबांना आणखी एक समकालीन जवळून पाहत होते. ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे हे गाडगेबाबांहून तेहेतीस वर्षांनी लहान. वरखेडच्या आडकोजी महाराजांचे शिष्य. यवतमाळ जिल्ह्यात गावोगावी सामुदायिक प्रार्थना आणि खंजिरीभजन यांच्या रूपाने त्यांचे कार्य आजही दिसते. तुकडोजी महाराजांना गाडगेबाबांविषयी मोठा आदर होता. मेहेरबाबांप्रमाणे भूमिका मोजण्याच्या फंदात न पडता त्यांनी बाबांचे काम पुढे नेण्यातून तो दाखवला. त्यांच्या 'ग्रामगीते'च्या एक्केचाळीस अध्यायांत ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, शिक्षण, अंधश्रद्धेचा त्याग हे विषय पुन्हा पुन्हा येतात. गाडगेबाबा जे कीर्तनात बोलून विसरून जात, ते तुकडोजींनी ओवीबद्ध करून ठेवले. मोझरीचा गुरुकुंज आणि गुरुदेव सेवा मंडळ यांच्या द्वारे त्यांनी कार्यकर्त्यांची साखळी उभी केली. गाडगेबाबांनी धर्मशाळांचे विश्वस्त नेमले, पण अनुयायांचा संप्रदाय म्हणून काही ठेवला नाही.

गाडगेबाबांचा पंथ उभा राहिला नाही, हे त्यांच्या निश्चयाचे यश की उणीव, यावर वऱ्हाडात आजही दोन मते ऐकू येतात. पंथ असता तर झाडू पुण्यतिथीपुरता हाती येण्याची वेळ आली नसती, असे एक मत. पंथ झाला असता तर झाडूचीच पूजा सुरू होऊन रस्ता तसाच राहिला असता, असे दुसरे. दुसऱ्या मताकडे प्रस्तुत लेखकाचा कल आहे. पुण्यतिथीच्या सकाळी पुढाऱ्यांच्या हातातले नवेकोरे झाडू आणि आधीच झाडून ठेवलेला रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे कारण सांगायला नको.

पंढरपूरच्या भेटीनंतर गाडगेबाबा दोन वर्षे जगले. शरीर थकले होते, मधुमेहाने पोखरले होते, तरी फिरणे थांबले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली. शेवटचा श्वासही प्रवासात गेला. त्यांची समाधी अमरावतीत आहे. मेहेरबाबा त्यानंतर बारा वर्षे हयात होते. ३१ जानेवारी १९६९ रोजी त्यांनी देह ठेवला आणि मेहेराबादच्या टेकडीवर त्यांची समाधी झाली. तिथे जगभरातून भक्त येतात.

गाडगेबाबांनी स्वतः लिहिलेली एक ओळही मागे उरली नाही. त्यांचा आवाज मात्र उरला आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे देहावसानाच्या दीड महिना आधी, मुंबईत वांद्रे येथे पोलिसांपुढे त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले होते. आज ते कोणालाही ऐकता येते. ध्वनी जुना आहे, मधूनच खरखरतो. ऐंशी वर्षांचा तो वऱ्हाडी आवाज समोरच्यांना प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो आणि समुदायाकडून उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही.